माग हलवायचे सहा पाइप

माझ्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस पाइप उचलायला वाकतो आणि अर्ध्यात थांबून माझ्याकडे बघतो. एवढ्याशा तुकड्याला एवढं वजन असेल असं त्याला वाटलेलं नसतं. मी म्हणते, आत बोट घालून बघा. बाहेरून सव्वादोन इंच दिसणाऱ्या त्या पाइपात आतली पोकळी जेमतेम दीड इंच असते, बाकी सगळं लोखंड. त्याला जोड नसतो. साधा पाइप पत्रा वळवून जोडलेला असतो, हा तापलेल्या भरीव लोखंडाला भोक पाडून ओढलेला असतो. म्हणून तो फाटत नाही, चेपत नाही आणि स्वस्तात मिळतही नाही. एवढं सांगून होईपर्यंत त्या माणसानं पाइप खाली ठेवलेला असतो, आणि मग आमचं भांडण सुरू होतं. लोक त्याला घासाघीस म्हणतात.

अशा पाइपाचं लोक करतात तरी काय, असं मला नात्यातल्या बायका अजून विचारतात. त्यांना वाटतं पाइप म्हणजे पाणी. माझ्या पाइपातून आजवर थेंबभर पाणी गेलेलं नाही. उसाच्या हंगामाआधी संकेश्वर भागातले ट्रॅक्टरवाले येतात, त्यांना ट्रॉलीच्या मागच्या दाराच्या, म्हणजे फाळक्याच्या, बिजागऱ्यांसाठी वीतभर तुकडे लागतात. पातळ पाइपाची बिजागरी एका हंगामात अंडाकृती होते आणि फाळका भर रस्त्यात लोंबायला लागतो. हायवेवरच्या टायरवाल्यांना तीन फुटांचा तुकडा लागतो. ट्रकच्या चाकाचा नट गंजून बसला की पान्याच्या दांड्यावर हा पाइप चढवायचा आणि टोकाला लोंबकळायचं. पान्याची दांडी लांब झाली की हाडकुळा माणूसही नट सोडवतो. लेथवाले कापून त्याचे बुश, म्हणजे आसावर बसणाऱ्या कड्या, करतात, जॅक दुरुस्त करणारे त्याचं नळकांडं करतात. तालमीतली पोरं दोन्ही बाजूंना सिमेंटचे गोळे ओतून व्यायामाला नेतात. निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यातले हेडमास्तर शाळेच्या घंटेसाठी तुकडा मागायला आले होते. मी त्यांना आठ-दहा तुकडे दोरीला टांगून वाजवून दाखवले. आतून गंज खाल्लेला पाइप ठप्प वाजतो, चांगला पाइप हातोडी उचलल्यावरही गुणगुणत राहतो. त्यांनी निवडलेला तुकडा मी जरा कमी दरात दिला. पुण्य म्हणून नाही. तो आवाज रोज सकाळी त्या गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या कानावर जाणार होता आणि कुणीतरी विचारणार होतं, हा पाइप कुठनं आणला.

या सगळ्यांना दर सांगायच्या आधी मी एक वाक्य ऐकवत असे. "थोरल्या दिरानं वाटणीत भंगार दिलं, त्यातनं उभी राहिले, तेव्हा मला शिकवू नका." समोरचा माणूस जरा वरमायचा. वरमलेला माणूस निम्म्यावर दर मागत नाही. पण हे वाक्य मी धंद्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते बावीस वर्षं माझ्या पोटात होतं, धंद्यात ते फक्त उपयोगी पडलं.

मी शहापूरच्या विणकराची मुलगी. लग्न होऊन वडगावात आले ती चार यंत्रमागांच्या घरात. मला मागावर बसायला कुणी शिकवावं लागलं नाही. तुटलेला धागा मी आवाजावरून ओळखत असे. सासरे गेले आणि दोघा भावांची वाटणी करायची ठरली, तेव्हा मी मनात दोन माग धरले होते. पुढच्या खोलीत खिडकीजवळचे, उजेडाकडचे दोन. त्यावर किती साड्या निघतील, कुठला व्यापारी धरायचा, हेही मी ठरवून ठेवलं होतं. वाटणीच्या दिवशी माग बंद ठेवून पुरुष माणसं पुढच्या खोलीत बसली आणि आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात. तासाभरानं माझा नवरा आत आला आणि म्हणाला, "आपल्याला परसातले पाइप आन् कंग्राळीच्या वाटेवरची जागा."

मी विचारलं, "आणि माग?"

"अण्णांनी तसं ठरवलंय," तो म्हणाला आणि तांब्याभर पाणी पिऊन बाहेर गेला.

परसातले पाइप म्हणजे सासऱ्यांनी कुठल्याशा साखर कारखान्याच्या लिलावात घेतलेला ढीग. त्यांना त्यातून मागांसाठी शेड उभी करायची होती. शेड झाली नाही, ढिगात कोंबड्या अंडी घालू लागल्या. जागा होती दोन गुंठे, काटेरी झुडपांनी भरलेली, तिथं जायला तेव्हा धड रस्ता नव्हता. आज तिथं माझं पाइपांचं यार्ड आहे आणि समोरून डांबरी रस्ता गेला आहे. नातेवाईक म्हणतात, नशीबवान गं, जागा मिळाली. असं म्हणणाऱ्याला मी चहा देत नाही.

धंदा मला त्या ढिगानंच शिकवला. उद्यमबागेतला एक लेथवाला ढीग वजनावर घ्यायला आला. प्रत्येक पाइपाला लाथ मारत तो सगळं भंगार म्हणत होता. मी नुसती त्याच्या पायाकडे बघत होते. सात पाइपांपाशी त्याचा पाय हळू पडला. ते सात सोडून बाकीचे न्या, असं मी म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, ते तर सगळ्यात खराब हायत." सगळ्यात खराब असतील तर राहू देत की, मी म्हणाले. त्या दिवशी मला जाड पाइप म्हणजे काय ते कळलं. ढिगातले बाकीचे बॉयलरमधले होते, टोकाला जाड दिसणारे आणि मध्ये झिजून कागद झालेले. त्या सातांपैकी एक मी नंतर कापून विकला. सहा ठेवले, पाच-पाच फुटांचे, यार्डाच्या भिंतीला टेकवून. कितीही चांगलं गिऱ्हाईक आलं तरी ते दिले नाहीत. का ठेवले ते मला नीट सांगता येणार नाही. राग ठेवायला जागा लागत असावी.

आता अण्णांविषयी सांगायला हवं. थोरल्या दिरांना सगळी गल्लीच अण्णा म्हणते, मीही म्हणते, पण त्यांच्या तोंडावर नाही. आमच्या घरांत थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. हे भांडण नव्हे, ही जुनी रीत. आता बऱ्याच घरांनी सोडली, अण्णांनी सोडली नाही. मी समोर उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याला म्हणणार, "तिला सांग." आणि मी नवऱ्याला म्हणणार, "त्यांना सांगा." अख्ख्या जिल्ह्यात मी ज्याच्याशी सरळ भाव करू शकत नव्हते असा तो एकच माणूस होता.

माझा नवरा टेम्पो चालवतो. आवाज चढवत नाही. मी यार्डात गिऱ्हाइकावर ओरडत असते तेव्हा तो टेम्पोच्या काचा पुसत असतो. असा माणूस निरोप्या म्हणून मधे असला की निरोप पोचेपर्यंत भिजलेल्या कागदासारखा होतो. एकदा अण्णांनी मागासाठी खराब मोटार महागात घेतली, तेव्हा मी म्हटलं होतं, सांगा त्यांना, डोळे मिटून बाजार करू नका. यानं जाऊन सांगितलं, "ती म्हणते, मोटार बरी हाय न्हवं?" हे मला थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे आक्कांनी, हसत हसत सांगितलं होतं. मीही तेव्हा हसले. त्याचा पुढचा विचार करायला हवा होता, तो केला नाही.

गेल्या वर्षी अण्णांनी वडगावचं घर पाडून बांधायला काढलं. माग गावाबाहेरच्या एका भाड्याच्या शेडमध्ये न्यायचे होते. माग खोलून नेता येतो, पण मग पुन्हा जोडून जुळवायला फिटरचे तीन-चार दिवस जातात आणि फणीतून हजारो धागे परत एकेक करून ओवावे लागतात. विणकराला ते नको असतं. चढवलेला उभ्या धाग्यांचा ताणा आणि अर्धी विणलेली साडी यांच्यासकट अख्खा माग हलवायचा, हा आमच्याकडचा हट्ट. पुढची भिंत पाडलेलीच असते; माग दोन वाशांवर घ्यायचा, खाली आडवे पाइप टाकायचे आणि ढकलायचा. माग पुढं सरकतो, मागं मोकळा झालेला पाइप उचलून पुढं आणून टाकायचा. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा असतो. असे पाइप ज्याच्याकडे असतील तो देतो, त्याचं भाडं कुणी मागत नाही.

अण्णांनी नवऱ्याकरवी पाइप मागितले. भिंतीला टेकवलेले ते सहाच त्या कामाचे होते. मी म्हटलं, भाडं नको, दाम नको. अण्णांनी एवढंच म्हणायचं, की वाटणीत आम्हाला भंगार दिलं. चारचौघांत म्हणायचं. म्हटलं की पाइप दारात.

नवरा म्हणाला, "आता कशाला ते?"

"आत्ताच," मी म्हणाले. "परत त्यांना माझी गरज कधी पडणार?"

तो संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, अण्णा बघतो म्हणाले. आठ दिवस काही निरोप नाही. मी समजले, म्हाताऱ्याला भंगार हा शब्द माझ्या पाइपांहून जड झाला. मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. आता तक्रारीला पुरावा मिळाला होता.

माग हलवायच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आक्कांचा फोन आला. त्या एरवी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. त्या दिवशी म्हणाल्या, "माग गल्लीत अडकलाय. गटाराकडं कललाय. तू पाइप घिऊन ये गं." मी सहा पाइप टेम्पोत टाकायला लावले आणि निघालो.

गल्लीत पोचलो तर काय झालंय ते मला लांबूनच कळलं. अण्णांनी शहापुरातल्या कुठल्यातरी पाडलेल्या शेडचे चार इंची पाइप आणले होते. दिसायला दणकट, मांडीएवढे. अण्णा बोटांच्या चिमटीत धागा धरून त्याच्या जाडीचा नंबर सांगतात, त्यात त्यांची चूक मी कधी पाहिली नाही. पण पाइप त्यांनी बाहेरून किती जाड दिसतो ते बघून निवडला होता; त्याचा पत्रा किती जाड आहे ते बघितलंच नव्हतं. घरापासून पंधरा-वीस फूट ते बरे फिरले. मग गटाराच्या कडेचा उंच दगड आला, मागाचा सगळा भार एका बाजूला गेला आणि दोन पाइप चेपून बसले. चेपलेला पाइप फिरत नाही, पाचरीसारखा अडतो. माग एका अंगाला झुकला होता आणि सहा जण त्याला खांदा देऊन उभे होते. मागाचा सांगाडा बिडाचा. बीड वाकत नाही, पडलं की तुटतं. आणि तसला सांगाडा आता कुणी ओतून देत नाही. वर ताणा चढवलेला, जांभळी साडी पदरापर्यंत विणलेली, जुन्या चादरीनं झाकलेली. दोन्ही बाजूंना स्कूटरी अडकल्या होत्या. समोरच्या घरातले एक म्हातारे विणकर पायरीवर बसून म्हणत होते, "अण्णा, आता हितंच विण की. लाइट मी वडून देतो."

तो खिडकीजवळच्या दोनांपैकी एक माग होता. मी लगेच ओळखला.

मला त्या क्षणी दया यायला हवी होती, आली नाही. मला दिसली ती गर्दी. चारचौघांत म्हणायचं असं मी म्हटलं होतं, इथं तर चाळीस जण होते. मी टेम्पोच्या फाळक्याशी उभी राहिले आणि नवऱ्याला सांगितलं, "जाऊन सांगा त्यांना. पाइप आणलेत. वाटणीत भंगार दिलं असं आत्ता इथं म्हणा, मग फाळका उघडते. आणि सगळं सांगा, गाळू नका."

तो गेला. अण्णा मागाच्या सांगाड्यावर तळहात टेकून उभे होते, घामानं निथळत. नवरा त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. मी दिलेल्या निरोपाला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या पावपटही लागला नाही. अण्णा म्हणाले, "मग उतरव की लवकर." यानं काय सांगितलं असेल ते उघड होतं. पाइप आणलेत, एवढंच.

माझं डोकं फिरलं. मी तिथूनच बोलले.

"अण्णा, ते अर्धंच सांगत्यात. पाइप गाडीत हायत. पण वाटणीत तुम्ही आम्हाला भंगार दिलं, एवढं आधी म्हणा."

लहान भावाच्या बायकोनं थोरल्या दिराला हाक मारून असं बोललेलं त्या गल्लीनं बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असेल. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते नवऱ्याला म्हणाले, "हिला हे कधीपासनं वाटतंय?"

"बावीस वर्षं," मी म्हणाले.

"मग बावीस वर्षांत एकदा तरी कळवायचं."

"दर येळी कळवलंय."

अण्णांनी नवऱ्याकडे बघितलं. मीही बघायला लागले. तो टेम्पोच्या किल्लीशी चाळा करत होता.

"ह्यो मला म्हणाला, ते पाइप गिऱ्हाइकाला विकल्यात," अण्णा म्हणाले. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघून, मलाच म्हणाले, "दोन-दोन माग करून ठेवलतं मी. खिडकीकडचं दोन ह्याला. ह्योच म्हणाला, माग नको, पाइप आन् ती जागा द्या. मी दोनदा इचारलं ह्याला. इचार तूच."

मी विचारलं नाही. गरज नव्हती. भांडणात खोटं बोलणारा माणूस मी रोज बघते, आणि खरं बोलल्यावर गप्प राहतो तोही. अण्णा गप्प होते आणि माझा नवराही.

तेवढ्यात माग करकरला आणि खांदा दिलेल्यांपैकी एकाचा पाय घसरला. पायरीवरचे म्हातारे उठून उभे राहिले. "आधी पाइप का आधी पंचायत? काय ते ठरवा, माणसं मरायला लागल्यात."

मी फाळका उघडला.

पुढचा अर्धा तास मला कुणाचा विचार करायला वेळ नव्हता आणि ते बरं झालं. आधी पहारीनं गटाराकडची बाजू उचलायची होती, पण पहार तोकडी पडत होती. मी एक पाइप पहारीच्या दांड्यावर चढवायला लावला, टायरवाले करतात तसा. तिघांनी टोकाला भार दिला, माग बोटभर वर आला, चेपलेले दोन्ही पाइप ओढून काढले आणि माझे दोन खाली सारले. दगडावर फळी टाकली. मग सगळे सहा लागले. मागचा सुटला की पुढं, मागचा सुटला की पुढं. माझे पाइप त्या दगडावरून गेले आणि त्यांना साधा ओरखडा आला, बाकी काही नाही. आक्का चादर धरून मागाबरोबर चालत होत्या, वरात असल्यासारख्या. माग टेम्पोत चढला तेव्हा मी चादर उचलून बघितलं. फणीपाशी तीन धागे तुटले होते. तीनच.

चहा पाडलेल्या भिंतीच्या विटांवर बसून झाला. अजून तीन माग न्यायचे होते, शिवाय तिकडे शेडमध्ये उतरवायचे होते, त्यामुळे पाइप परत न्यायचा प्रश्न नव्हता. अण्णा कपबशी खाली ठेवून सवयीनं नवऱ्याला म्हणाले, "तिला इचार, सहा पाइपांचं काय घेणार. ठेवून घेतो म्हणावं. पुढंमागं लागतील."

नवरा माझ्याकडे वळला. मी त्याला थांबवलं.

"मला इचारा," मी अण्णांना म्हणाले.

अण्णांनी पंच्यानं तोंड पुसलं. आक्का आत जायला निघाल्या होत्या त्या थांबल्या. "बरं," अण्णा म्हणाले. "काय घेणार?"

तोवर ते सहा पाइप मी कुणाला दिले नव्हते, आणि मागाच्या कामाला असे पाइप फुकट द्यायची रीत आहे हे मला माहीत होतं. पण ते विकत मागत होते, आणि विकत मागणाऱ्याला मी कधी फुकट दिलेलं नाही. मी वजनावर दर सांगितला. अण्णांनी निम्मा सांगितला. मी म्हणाले, निम्म्यात शहापूरच्या शेडचे मिळतात, आत्ताच बघितलेत. ते म्हणाले, तोंड भारी हाय. मी जरा खाली आले, ते जरा वर आले. म्हातारा चांगला भाव करत होता. कपडा विकण्यात आयुष्य गेलेलं, व्यापाऱ्यांना पुरून उरलेला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कुठं थांबायचं आणि कुठं उठून जायचं सोंग करायचं हे बरोबर माहीत होतं. एकदा ते खरंच उठले आणि पायानं एक पाइप हलकेच ढकलत म्हणाले, "एवढं काय हाय ह्यात? शेवटी भंगारच की."

"भंगार?" माझा आवाज पार कोपऱ्यावर गेला असेल. "साडेनऊ मिलिमीटर जाडी हाय त्याची. बिनजोडाचा माल हाय. तुमचा माग ज्यानं गटारातनं काढला त्याला भंगार म्हणता? हातोडी आणा, वाजवून दावते."

पायरीवरचे म्हातारे विणकर म्हणाले, "अगं, मगाशी ह्येच वाक्य पायजे होतं न्हवं तुला?"

"मगाशी पायजे होतं," मी म्हणाले. "आता दर चाललाय."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत, पण खाली बसले. मग लवकरच दर ठरला. कितीला ते सांगत नाही. दोघांनाही आपण फसलो असं थोडं वाटलं, म्हणजे दर बरोबर होता.

माग शेडवर उतरवून आम्ही परत निघालो. नवरा गाडी चालवत होता. मग स्वतःहूनच म्हणाला, "मला त्या मागाचा आवाज डोक्यात बसायचा. झोपेत पण. बापाला कधी सांगितलं न्हाय."

"मला सांगायचं."

"तू माग सोडले असतेस?"

"न्हाय," मी म्हणाले. ते खरंच होतं. मी त्याला बहिरा होईपर्यंत मागावर बसवलं असतं आणि शेजारच्या मागावर मी बसले असते. "पण अण्णांच्या नावावर का घातलं?"

तो म्हणाला, "तू त्यांच्यावर रागावलीस तर चालत हुतं. त्यांच्यासंगं तुला ऱ्हायचं न्हवतं."

मी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले आणि रिक्षा केली. रिक्षावाल्यानं भाडं जास्त सांगितलं, त्याच्याशी भांडले, आणि त्या भांडणात जरा सूर लागला.

माझी तक्रार संपली असं कुणी समजू नये. खिडकीजवळचे दोन माग माझे होते आणि मला न विचारता ते सोडून दिले गेले. ते कुणी सोडले एवढंच आता बदललं. यार्ड चालतं, जागेला किंमत आली, घर उभं राहिलं, हे सगळं खरं आहे आणि त्यानं त्या दिवसाचा हिशेब फिटत नाही. मला विचारलं असतं तर मी काय निवडलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. मी बावीस वर्षं अण्णांना मनात जे जे बोलले त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. गिऱ्हाइकांना मात्र ते वाक्य आता ऐकवता येत नाही. परवा एक ट्रॅक्टरवाला निम्म्यावर दर मागून बसला आणि सवयीनं माझ्या तोंडात "थोरल्या दिरानं" एवढं आलं, पुढचं आलं नाही. त्या वाक्याविना दर सांगायची सवय लागेपर्यंत नुकसान होणार आहे.

दुसरा माग त्यांनी पुढच्या आठवड्यात हलवला. मला कुणी बोलावलं नव्हतं, पाइपही आता त्यांचे होते. तरी मी स्कूटर काढून एकटीच गेले. पाइप टाकणारे घाई करत होते, पुढचा पाइप तिरका पडत होता; तिरका पडला की माग भिंतीकडे जातो. ते मी अण्णांना सांगितलं. त्यांनी मला विचारलं, मग किती अंतरावर टाकायचे. मी सांगितलं. मग आम्ही पडक्या भिंतीशी उभे राहून बराच वेळ बोललो. मागांविषयी, सासऱ्यांच्या लिलावाविषयी, आणि माझ्या नवऱ्याविषयी, तो लहानपणी माग सुरू झाला की कसा परसात जाऊन त्या पाइपांवर बसायचा त्याविषयी.

संध्याकाळी नवऱ्यानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "काय म्हणाले अण्णा?"

"बरं चाललंय म्हणाले," मी सांगितलं आणि आमटी वाढली.